रक्त पोचत नाही, की परतत नाही?

वाचकांचे प्रश्न : रक्ताभिसरण

रक्ताभिसरणावर प्रश्न पाठवा म्हटल्यावर हृदयाबद्दल विचारणा होईल अशी अपेक्षा होती. आली ती बहुतेक पत्रं पायांबद्दल. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभं राहणाऱ्यांचं आणि सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्यांचं हे सोलापूर, तेव्हा नवल नाही. पत्रं आटोपशीर केली आहेत, नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात बारा तासांच्या पाळीला आहे. वय 41. डाव्या पायाच्या शिरा गांडुळासारख्या वर आल्यात. संध्याकाळी पाय जड होतो, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडून खाजते. शेजारी म्हणतात, नासकं रक्त साठलंय, काढून टाक. काय करू?

उत्तर : रक्त नासलेलं नाही, वर चढायला अडलेलं आहे. काढून टाकलं तर तासाभरात तिथे दुसरं साठेल, आणि जखम मात्र महिनोन्‌महिने भरणार नाही.

पायापर्यंत रक्त नेणाऱ्या धमन्यांच्या मागे हृदयाचा जोर असतो. परत आणणाऱ्या शिरांच्या मागे तो जवळपास उरलेला नसतो. घोट्यापासून हृदयापर्यंतचा चढ पार करायला दोनच गोष्टी कामाला येतात : पोटरीचे स्नायू आणि शिरांमधल्या एकतर्फी झडपा. चालताना पोटरी आवळते, आतल्या खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. पोटरी सैल पडली की झडपा मिटतात, म्हणून ते खाली घसरत नाही. नुसतं उभं राहिलं तर घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या 90 मिलिमीटरच्या आसपास असतो, चालायला लागलं की तो 30 च्या खाली येतो. लूमपुढे माणूस उभा असतो, पण चालत नाही. दाब दिवसभर चढलेला राहतो, शीर ताणली जाते, झडपेची दोन पानं एकमेकांना टेकेनाशी होतात आणि त्यांच्या फटीतून रक्त खाली गळतं. मग खालच्या झडपेवर ताण येतो, आणि हे असंच पुढे चालू राहतं.

काळा डाग हा या दाबाचाच पुरावा. केशवाहिन्यांतून तांबड्या पेशी बाहेर झिरपतात, फुटतात आणि त्यांतलं लोह कातडीत बसतं. ही कातडी कागदासारखी झालेली असते. खाजवलं की फुटते आणि तिथे व्रण होतो. तुमची अवस्था नुसत्या फुगलेल्या शिरांच्या पुढे गेली आहे, म्हणून आता चालढकल नको. पायाचा कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, उभं राहून करून घ्या. झोपून केला तर गळकी झडप हुकू शकते. बिघडलेली शीर लेसरने किंवा रेडिओलहरींनी आतून बंद करता येते. ‘शीर बंद केल्यावर रक्त जाणार कुठून?’ हा प्रश्न हमखास येतो. पायातलं जवळजवळ नव्वद टक्के रक्त खोल शिरांतूनच वर जातं. वर दिसणारी शीर ही गल्लीबोळ, हमरस्ता आतून आहे. मात्र तो हमरस्ता मोकळा आहे ना, हे डॉपलरमध्ये आधी पाहतात.

कामावर दर अर्ध्या तासाला टाचा उचलून 15-20 वेळा चवड्यांवर उभे राहा, एवढ्याने पोटरीचा पंप चालतो. जेवणाच्या सुट्टीत पाटीवर बसून पाय लोंबकळत ठेवण्यापेक्षा सतरंजीवर आडवं होऊन पाय सुताच्या गाठोड्यावर टाका. पाय हृदयापेक्षा वर पाहिजे, स्टुलावर ठेवलेला पाय वर नसतो. रात्री पलंगाच्या पायथ्याखाली एकेक वीट.

दाबमोजे गुडघ्यापर्यंतचे पुरतात. ते सकाळी अंथरुणातून उठण्याआधी चढवायचे. सूज आल्यावर चढवले तर सूज आतच कोंडली जाते. वरची कड दुमडायची नाही, दुमडलेली कड दोरीसारखी आवळते. इथल्या एप्रिल-मेमध्ये ते नकोसे होतात हे कबूल, पण कामाचे तास घालून घरी गेल्यावर काढले तरी फायदा होतो. रोज धुवा, साधारण सहा महिन्यांत त्यांचा ताण सुटतो, मग नवे घ्या. एक अट : पावलाची नाडी लागत असेल तरच मोजे. ती कशी शोधायची ते पुढच्या एका उत्तरात आहे.

फुगलेली शीर एखाद्या दिवशी धक्क्याने फुटली तर रक्त धारेने येतं आणि माणूस घाबरून गुडघ्यावर दोरी बांधतो. ते उलटं होतं. दोरीने वर जाणारी वाट बंद होते, खाली आणणारी धमनी चालूच राहते, आणि रक्तस्राव वाढतो. जमिनीवर आडवं व्हा, पाय भिंतीवर उंच टाका, स्वच्छ फडकं फुटल्या जागी ठेवून दहा मिनिटं न उचलता दाबा. बहुतेक वेळा तेवढ्यात थांबतं.

प्रश्न : विड्या वळायला मांडी घालून बसते. तासाभराने एक पाय मेल्यासारखा होतो, उठल्यावर मुंग्या. रक्त थांबतं का? आणि दम लवकर लागतो, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

उत्तर : मुंग्या येतात त्या रक्त थांबल्यामुळे नव्हे, बहुतेक वेळा नस, म्हणजे मज्जातंतू, दबल्यामुळे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाताला लागणाऱ्या छोट्या हाडाच्या मानेवरून एक नस अगदी कातडीखालून जाते. मांडी घातली की ती जमिनीवर दबते. पाय पसरून दोन-चार मिनिटांत पूर्ववत झाला तर काळजी नाही. उठल्यावर पाऊल वर उचलता येत नसेल, चप्पल जमिनीवर घासत असेल, तर मात्र डॉक्टर. सूप मांडीवरच राहू द्या, पण अर्ध्या-पाऊण तासाने बैठक बदला, मांड्या उलट घाला, उठून माठापर्यंत जाऊन या.

एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवा. एकच पोटरी सुजली, दुखते, हाताला गरम लागते, तर ती नस नव्हे, खोल शिरेत गुठळी असू शकते. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा जो उंचवटा लागतो, तिथून 10 सेंटिमीटर खाली दोन्ही पायांना शिंप्याचा टेप लावा. 3 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर त्याच दिवशी दाखवा. तेल लावून चोळू नका, गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अशा पायाबरोबर छातीत दुखलं किंवा दम लागला तर थेट रुग्णालय.

तुमचा दम वेगळ्या कारणाचा असावा असं वाटतं. खालची पापणी आरशासमोर उजेडात ओढून पाहा. निरोगी पापणीत पुढची कड लालबुंद असते आणि आतला भाग त्याहून फिका. पुढची कडही आतल्यासारखीच फिकी दिसली तर रक्त कमी असण्याची शक्यता मोठी. तळहाताच्या रेषाही पाहा. हिमोग्लोबिन बाईमाणसाला 12 आणि गरोदरपणी 11 ग्रॅमच्या खाली नसावं. रक्त पातळ असलं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला फेऱ्या वाढवाव्या लागतात, म्हणून धडधड आणि दम. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शी काळी होते, त्याने घाबरायचं नाही. आकडा 12 वर आला म्हणून लगेच बंदही करायच्या नाहीत. शरीराचा साठा भरायला पुढे तीनेक महिने लागतात.

प्रश्न : वय 62, जुळे सोलापूर. मधुमेह बारा वर्षं. पूर्वी रोज दोन किलोमीटर चालायचो. आता दोनशे पावलांवर पोटरीत गोळा येतो, कट्ट्यावर तीन मिनिटं थांबलो की जातो, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा येतो. वयामुळे असेल ना? सून म्हणते दाबमोजे घाला.

उत्तर : मोजे घालू नका, आणि वयावर ढकलू नका.

वरच्या लूमवाल्याचं आणि तुमचं दुखणं दिसायला एका पायाचं, पण उलट्या टोकांचं आहे. त्याचं रक्त परतत नाही, तुमचं पोचत नसावं. एक सोपी खूण : शिरांचं दुखणं पाय वर घेतला की कमी होतं आणि धमनीचं पाय खाली सोडला की. पुढच्या टप्प्यावर माणूस रात्री पाय पलंगावरून खाली लोंबकळत ठेवून झोपतो, कारण तेवढ्या उताराने दोन थेंब जास्त पोचतात. तसं होऊ लागलं तर आठवड्याभराचीही वाट पाहायची नाही.

ठराविक अंतरावर येणारं, उभं राहिलं की जाणारं दुखणं ही अरुंद धमनीची जवळजवळ सहीच. बसल्या पोटरीला लागणारं रक्त अरुंद वाटेतूनही मिळतं. चालताना मागणी कित्येक पटींनी वाढते, वाट मात्र तेवढीच राहते. मणक्यातली नस दबूनही चालताना पाय दुखतात, पण तिथे नुसतं थांबून भागत नाही, वाकावं किंवा बसावं लागतं. तुम्ही उभ्यानेच बरे होता की बसावं लागतं, हे डॉक्टरांना नेमकं सांगा.

आता पावलाची नाडी. पाय गार असेल तर आधी पांघरुणात ठेवून उबदार करा. पायाचा अंगठा वर उचला, पावलाच्या पाठीवर दोरीसारखी एक पट्टी ताणलेली दिसेल. अंगठा सैल सोडा आणि त्या पट्टीच्या बाहेरच्या अंगाला, पावलाच्या साधारण मध्यावर, तीन बोटं टेकवा. फक्त टेकवा. दाबलं की ही लहान धमनी मिटते आणि ‘नाडीच नाही’ असं वाटतं. हाताचा अंगठा वापरू नका, त्यात त्याचीच नाडी लागते. दुसरी जागा आतल्या घोट्याच्या हाडामागे, हाड आणि टाचेमागची जाड, दोरीसारखी स्नायूपट्टी यांच्या मधोमध. बोटाखाली लागलेला ठोका बोटाचाच तर नाही ना, हे पाहायला घरातल्या दुसऱ्या कुणाला सांगा : त्याने एका हाताने तुमच्या पावलाची आणि दुसऱ्याने तुमच्या मनगटाची नाडी धरावी, दोन्ही एकदम पडायला हव्यात. काही धडधाकट माणसांना पावलाच्या पाठीवरची नाडी जन्मतःच लागत नाही, पण घोट्यामागचीही लागत नसेल तर तो निकाल गंभीर समजा.

आणखी एक चाचणी घरी होते. उताणे झोपा, दोन्ही पाय मिनिटभर उंच धरायला कुणाला सांगा, मग उठून पलंगाच्या कडेवरून खाली सोडा. चांगला पाय दहा-पंधरा सेकंदांत गुलाबी होतो. अडचणीचा पाय वर असताना पांढराफटक पडतो, खाली सोडल्यावर उशिरा रंग धरतो आणि मग जांभळट लाल होतो. ही लाली तब्येतीची नव्हे. वाहिन्या भुकेने ताणून उघड्या राहिल्याची आहे.

दवाखान्यात घोट्याचा आणि दंडाचा वरचा रक्तदाब मोजून पहिल्याला दुसऱ्याने भागतात. घोट्यावर 98 आणि दंडावर 140 असेल तर 0.7. निकाल 0.9 च्या खाली गेला की धमनी अरुंद आहे. तुमच्यासारख्या जुन्या मधुमेह्यात एक फसगत होते : धमनीच्या भिंतीत चुना बसलेला असतो, पट्ट्याने ती दबतच नाही, आणि आकडा 1.4 च्या वर, खोटा चांगला येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यावरचा दाब किंवा डॉपलर मागा.

उपचारांत पहिलं नाव तंबाखूचं. विडी, मशेरी, गुटखा, सगळं बंद, ‘कमी’ नव्हे. चरबीची आणि रक्त गोठू न देणारी गोळी डॉक्टर ठरवतील. आणि चालणं थांबवायचं नाही, उलट तोच उपाय आहे : दुखायला लागेपर्यंत चालायचं, थोडं सहन करायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा निघायचं. असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीनदा, तीन महिने. स्नायू कमी रक्तात काम भागवायला शिकतात आणि अंतर वाढतं. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत.

मधुमेहात पायाची संवेदनाही जाते, म्हणून चटका कळत नाही. सिद्धेश्वर मंदिराच्या आवारात भर दुपारी अनवाणी चालल्यावर संध्याकाळी तळव्याला फोड दिसतो आणि रक्त न पोचणाऱ्या पायाचा फोड चिघळतो. आत जाताना सुती मोजे घाला. गरम पाण्याची पिशवी पायाला कधीच नको. रोज रात्री तळवे आरशात पाहा, बोटांच्या बेचक्यांसकट.

प्रश्न : आठवीला विज्ञान शिकवते, अक्कलकोट. चित्रात अशुद्ध रक्त निळं असतं, मुलांना हातावरही निळ्या शिरा दिसतात. रक्त खरंच निळं असतं का? आणि कोणत्या अवयवाला किती जातं हे वर्गात कसं दाखवावं?

उत्तर : माणसाचं रक्त कुठेही निळं नसतं. प्राणवायू असेल तर भडक लाल, कमी असेल तर गडद, आमसुली लाल. तपासणीसाठी शिरेतून काढलेल्या नळीत तोच रंग दिसतो. शीर निळी दिसते ती कातडीतून जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रकाशाच्या खेळामुळे. ‘अशुद्ध’ हा शब्दही वर्गातून हद्दपार करावा असं आमचं मत आहे, त्यातूनच पुढे ‘नासकं रक्त काढा’ निघतं. आणि ‘धमनी म्हणजे प्राणवायूचं रक्त’ ही व्याख्याही लंगडी आहे : हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणारी धमनी कमी प्राणवायूचं रक्त नेते आणि नाळेतली शीर भरपूर प्राणवायूचं रक्त बाळाला आणते. हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर, एवढंच खरं.

हिशेब फळ्यावर करून घ्या. एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर, मिनिटाला 72 ठोके, म्हणजे 5 लिटर. अंगात रक्तही जवळपास तेवढंच. म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाचं सगळं रक्त मिनिटाभरात एक फेरी पुरी करतं. तासाला 300 लिटर, दिवसाला 7,200 : उन्हाळ्यात गल्लीत येणारा पाण्याचा मधला टँकर. एवढं रक्त रोज नव्याने बनणं अशक्य, तेव्हा तेच फिरत असलं पाहिजे. इंग्रज वैद्य विल्यम हार्वी यांनी 1628 साली मांडलेला युक्तिवाद याच धाटणीचा होता. धमनीतून शिरेत रक्त जातं कसं हे त्यांना दिसलं नव्हतं. केशवाहिन्या इटलीतल्या मालपीगी यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या त्या 1661 मध्ये.

पाच लिटरची वाटणी वजनाप्रमाणे होत नाही, हा मुलांना आवडणारा भाग. दोन्ही मूत्रपिंडं मिळून वजन पावशेर-दीड पावाचं, पण मिनिटाला लिटरभर रक्त त्यांना. स्वतःच्या भुकेसाठी नव्हे, गाळण्यासाठी : दिवसाला 180 लिटर गाळून दीडेक लिटर लघवी, बाकी सगळं परत. मेंदू वजनाने शरीराचा पन्नासावा हिस्सा, त्याला पाऊण लिटर. यकृताला सव्वा ते दीड लिटर, पण त्यातलं तीन-चतुर्थांश आधी आतड्यातून फिरून, पचलेलं अन्न घेऊन, एका शिरेने येतं. एका अवयवातून निघालेली शीर हृदयाकडे न जाता दुसऱ्या अवयवात शिरते, ही वेगळी वाट मुद्दाम दाखवा. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला पाव लिटर, आणि डाव्या बाजूला तेही मुख्यतः तो सैल पडतो तेव्हा, कारण आवळलेल्या स्नायूत रक्त शिरत नाही. फुप्फुसाला मात्र सगळंच्या सगळं पाच लिटर. धावताना वाटणी बदलते : एकूण वाढतं, पायांच्या स्नायूंचा वाटा मोठा होतो, पोटाचा घटतो. भरपेट डब्यानंतर कबड्डी खेळलं की पोटात का दुखतं याचं एक कारण यातच असावं.

वर्गात झडप दाखवता येते. हडकुळ्या हाताचा मुलगा निवडा. दंडावर रुमाल सैलसर बांधा, एवढाच की मनगटाची नाडी लागत राहील. मूठ उघडझाप करायला सांगा. कोपराखालची शीर फुगेल आणि तिच्यावर मधूनमधून गाठी दिसतील, त्या झडपा. दोन गाठींमधल्या शिरेच्या मनगटाकडच्या टोकावर एक बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे, वरच्या गाठीपलीकडे, रक्त सारून द्या. मधली शीर बसलेली राहते. गाठीवरून रक्त खाली ढकलून पाहा, येत नाही. पहिलं बोट उचला, खालून झटकन भरते. रुमाल दोन मिनिटांत सोडा.

प्रश्न : होटगी रोडवरच्या दवाखान्यात वरचा रक्तदाब 128, घरच्या यंत्रावर कधी 150, कधी 118. यंत्र खराब आहे का?

उत्तर : यंत्रापेक्षा पद्धत बिघडलेली असण्याची शक्यता जास्त. आधी लघवीला जाऊन या. अर्धा तास चहा, तंबाखू नको. खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. गप्प म्हणजे गप्प, बोलताना वरचा आकडा सहज 10 ने चढतो. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. हात टेबलावर असा की पट्टा छातीच्या पातळीला येईल. हात मांडीवर ठेवला आणि पट्टा हृदयापेक्षा 10 सेंटिमीटर खाली गेला, तर सुमारे 8 आकडे उगाच वाढतात. जाड दंडाला छोटा पट्टाही आकडा वाढवतो. आतली हवेची पिशवी दंडाच्या चार-पंचमांश घेराला वेढली पाहिजे. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सरासरी लिहा. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ. घरची सरासरी 135/85 च्या वर असेल तर ती वही डॉक्टरांना दाखवा.

पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा. पुढे जास्त आकड्याचाच हात वापरा. दोहोंत 20 चा फरक वारंवार येत असेल तर कमी आकड्याच्या हाताची धमनी अरुंद असू शकते. 180/120 च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, दम, बोबडी वळणं किंवा दिसेनासं होणं असेल तर वही बाजूला ठेवा आणि 108 लावा.

प्रश्न : वडील 70 वर्षांचे, मंगळवेढ्याला असतात. रक्तदाबाची आणि लघवी जास्त होण्याची अशा दोन गोळ्या, शिवाय गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक. मे महिन्यात उठून उभं राहिलं की भोवळ येते.

उत्तर : या पत्रातली वेदनाशामक गोळी आधी बंद करा, मग पुढचं वाचा.

उभं राहताच अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. तरुणाच्या वाहिन्या क्षणात आवळतात, म्हाताऱ्याच्या हळू. 42 अंशांच्या उन्हात शरीर थंड राहावं म्हणून कातडीच्या वाहिन्या सताड उघड्या असतात, घामाने पाणी गेलेलं, त्यात लघवीची गोळी. मेंदूपर्यंत दाब पुरत नाही. मूत्रपिंडाचं संकट याहून मोठं आहे. दाब उतरला की ते स्वतःच्या आत येणारी धमनी सैल ठेवून गाळण चालू ठेवतं. वेदनाशामक नेमकी तीच सोय काढून घेते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या बाहेर जाणाऱ्या वाटेचा दाब उतरवतात. पाण्याची कमतरता आणि या तिन्ही गोळ्या एकत्र आल्या की चार दिवसांत मूत्रपिंड बसू शकतं. गुडघ्याला शेक, लेप, किंवा डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल.

पाच मिनिटं झोपवून दाब मोजा. मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा 20 किंवा खालचा 10 उतरला तर आकडे लिहून डॉक्टरांकडे न्या, ते उन्हाळ्यापुरती मात्रा बदलतील. रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्या मनाने बंद करू नका. उठताना आधी कुशीवर, मग बसून मिनिटभर घोटे हलवणं, मग उभं राहणं. लघवी गडद पिवळी आणि थोडी झाली तर पाणी कमी पडतंय. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर ताक, पाणी थोड्या थोड्या वेळाने. जुलाब लागले तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच. मीठ जास्त पडलं तर तेही घातक.

प्रश्न : दोन्ही पायांवर सूज, नडगीवर बोट दाबलं की खड्डा. शेंगा चटणी बंद केली, तरी जात नाही.

उत्तर : चटणीतलं मीठ सूज वाढवतं, पण एकटं दोषी क्वचितच. दोन्ही पाय सुजले की कारण बहुधा पायात नसतं : हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, किंवा रक्तदाबाची अॅम्लोडिपिन गोळी. तोंड सकाळी सुजतं का, उताणं झोपल्यावर दम लागतो का, लघवीला फेस येतो का, ही तीन उत्तरं घेऊन जा. रोज सकाळी लघवी करून वजन लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढ म्हणजे चरबी नव्हे, पाणी.

प्रश्न : काकांच्या पोटावर बेंबीभोवती शिरा फुगल्यात, छातीवर लाल कोळ्यासारखे ठिपके. दारूची सवय आहे.

उत्तर : कोळ्याच्या मधल्या ठिपक्यावर काडीचं टोक दाबा. कोळ्याचे ‘पाय’, म्हणजे बाहेरच्या बारीक रेषा, पांढरे पडतात आणि सोडल्यावर मधून बाहेर भरतात, म्हणजे ती छोटी धमनी आहे. यकृत कडक झालं की आतड्याकडून येणारं रक्त आत शिरत नाही आणि बेंबीभोवतीच्या आडवाटा शोधतं. तशाच आडवाटा अन्ननलिकेत असतात आणि त्या फुटल्या तर रक्ताची उलटी होते. पोटाच्या डॉक्टरांकडून दुर्बीण तपासणी त्याआधी झाली पाहिजे. डांबरासारखी काळी, चिकट शी झाली तर त्याच तासाला न्या.

प्रश्न : नाडी मध्येच ठोका चुकवते.

उत्तर : तीस सेकंद मोजून दुप्पट करू नका, पूर्ण मिनिट मोजा. श्वास आत घेताना भरभर आणि सोडताना सावकाश, हे तरुणांत ठीक. अधूनमधून एखादा ठोका हुकणंही बहुधा निरुपद्रवी. कसलाच ठेका नाही, लहान-मोठे ठोके वाट्टेल तसे पडतात, असं असेल तर ईसीजी लगेच, कारण अशा हृदयात गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते.

प्रश्न : जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या थंडीत मुलीची बोटं निळी पडली, बोटावरच्या यंत्राने प्राणवायू 84 दाखवला. रुग्णालयात 98. कोण चुकलं?

उत्तर : बहुधा बोटावरचं यंत्र, पण दोष गार बोटाचा. आधी जीभ पाहा. जीभ गुलाबी आणि बोटं निळी, तर प्राणवायू पुरेसा आहे. थंडीने बोटांच्या वाहिन्या आवळल्यात, एवढंच. जीभही निळी असेल तर दोष फुप्फुसात किंवा हृदयात शोधावा लागतो. आणि जिचं हिमोग्लोबिन फार कमी आहे तिची जीभ प्राणवायू घटला तरी निळी दिसेलच असं नाही, निळं दिसायलाही रक्त लागतं. गार बोटात रक्त कमी खेळतं, त्यामुळे यंत्राला ठोकाच सापडत नाही आणि ते आकडा फेकतं. हात चोळून गरम करा, बोट हृदयाच्या पातळीला स्थिर धरा, आकडा अर्धा मिनिट टिकला तरच लिहा. नखांवर पॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर बिनरंगाचं बोट वापरा, पायाचंही चालतं.